पुढचा भाग



स्त्रियांच्या हक्कांवरच्या त्रैमासिकाचं संपादकीय आणि विषय काय, तर जादूगार मुलाच्या गोष्टीचा पाचवा भाग! काहीजणींच्या भुवया उंचावतील हे गृहीत धरूनच लिहायला घेतलं आहे. हिंसाचार, हुंडा, जमिनीचा हक्क, रोजगार हे आपले नेहमीचे विषय बाजूला पडलेले नाहीत. उलट एका जाडजूड गोष्टीच्या पुस्तकातून फिरून आपण पुन्हा त्यांच्याच दारात येतो, असा अनुभव या पावसाळ्यात आला. तो तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणमध्ये आपल्या काही कार्यकर्त्या शनिवारी दुपारी मुलींना घेऊन वाचायला बसतात. सातवी ते अकरावीतल्या दहाबारा मुली. सुरुवातीला छोट्या गोष्टी, चरित्रं, थोड्या कविता असं चाललं होतं. मग एकीनं मागणी केली, ‘हॅरी पॉटर’चा पुढचा भाग आणा. पहिले भाग कुणाकडून तरी हातोहात फिरून आले होते, सिनेमे मोबाइलवर पाहून झाले होते. पण पाचव्या भागापाशी बहुतेकींचं वाचन थांबलेलं. का थांबलं, असं विचारल्यावर प्रत्येकीचं उत्तर वेगळं होतं. पुस्तक फार मोठं आहे. पुढचा भाग मिळालाच नाही. नववीत गेल्यावर घरचे म्हणाले, आता गोष्टी पुरे. आई कामाला जाते, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला.

या उत्तरांकडे नीट पाहायला हवं. या मालिकेचा नायक पहिल्या भागात अकरा वर्षांचा आहे आणि प्रत्येक भागात एकेक वर्षानं मोठा होतो. पाचव्या भागात तो पंधरा वर्षांचा, सातव्या आणि शेवटच्या भागात सतरा वर्षांचा. पुस्तकंही त्याच्याबरोबर वाढत जातात. १९९७ साली आलेला इंग्रजी पहिला भाग सव्वादोनशे पानांच्या आत संपतो, तर २००३ साली आलेला पाचवा ७६६ पानांचा आहे, सगळ्या मालिकेत सर्वांत मोठा. म्हणजे वाचणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं वयानं, समजेनं आणि चिकाटीनं वाढत जावं, अशी या मालिकेची अपेक्षाच आहे.

आता आपल्या मुलींच्या वाढीचा आलेख शेजारी ठेवू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देतो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चौदा वर्षं म्हणजे या मालिकेचा चौथा भाग. नायक पंधराव्या वर्षात अन्यायाशी थेट भिडायला लागतो, तिथं आपल्या मुलीवरचं कायद्याचं छत्र संपलेलं असतं. आणि दुसऱ्या टोकाला काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातल्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराव्या वर्षाच्या आत झालेली होती. पाचातल्या एकीहून अधिक! सतरा वर्षांचा नायक सातव्या भागात आपली शेवटची लढाई लढतो, तेव्हा आपल्या या मुली सासरच्या चुलीपुढे असतात.

म्हणून ‘पुढचा भाग’ हा शब्द आम्हाला पुस्तकापुरता वाटेनासा झाला. लहानपणी मुलीला गोष्ट मिळते, कौतुकही होतं. ‘आमची छकुली वाचनवेडी आहे हो’ असं आल्यागेल्याला सांगितलं जातं. ती न्हातीधुती झाली की हेच वेड डोळ्यांत खुपायला लागतं. वाचायला लागतो सलग वेळ, एकांत आणि कुणाला जाब न देता बसायची जागा. वयात आलेल्या मुलीकडून पहिल्यांदा काढून घेतल्या जातात त्या याच तीन गोष्टी.

हे आजचं नाही. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की त्या शिकू लागल्या तेव्हा घरातल्याच बायकांचा रोष त्यांनी सोसला. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवताना पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत आणि आपलं लिखाण वर्षानुवर्षं लपवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन असं लपतछपत जन्माला आलं. वेगवेगळ्या काळातल्या, जातीनं आणि परिस्थितीनं दोन टोकांच्या या बायका. वाचणं मात्र दोघींनाही उघडपणे, सुखानं करता आलं नाही.

गव्हाणचंच पाहा. आगरी-कोळ्यांच्या या परिसरात भातशेती होती, मिठागरं होती, खाडीची मासळी होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पंचक्रोशीतल्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळवण्याचा हक्क पुढे आला. आज शेजारी उलव्याचे टॉवर उभे आहेत. २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत गेली, त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. एवढं सगळं बदललं, पण शाळेतून आल्यावर दप्तर टाकून भांड्यांकडे वळणारी मुलगी आणि दप्तर टाकून मैदानाकडे वळणारा तिचा भाऊ, हे चित्र किती घरांत बदललं?

तर अशा मुलींनी पाचवा भाग वाचायला घेतला. एकेकीनं आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आठवड्याला एकदोन प्रकरणं. इतकी लांबलचक गोष्ट कशी झेपणार, ही शंका आम्हालाच जास्त होती. पण ज्यांच्या घरच्या लग्नात धवलारीण तासन्‌तास धवले गाते आणि सगळ्या बायका ते ऐकतात, त्या मुलींना लांबलचक गोष्टीचं भय ते काय?

आणि गोष्ट तरी कशाची? जादूच्या शाळेवर सरकारनं, म्हणजे जादू मंत्रालयानं, एक नवी बाई नेमली आहे. अंब्रिज तिचं नाव. गुलाबी कपडे, गोड आवाज, खोलीत मांजरीच्या पिल्लांची चित्रं. ती येते आणि फर्मानांमागून फर्मानं काढते. संरक्षणाची विद्या शिकवायची, पण प्रत्यक्ष काही करून पाहायचं नाही, नुसतं पुस्तक वाचायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. खरं बोलणाऱ्या मुलाला ती अशी लेखणी देते, की लिहिलेलं त्याच्याच हातावर कोरलं जातं. आमच्या मुलींना ही बाई ओळखायला क्षणभरही लागला नाही. ‘गोड बोलून गप्प बसवणारी’ असं एकीनं तिचं वर्णन केलं. इथं आमची चांगली चर्चा रंगली. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रात पुढं त्या निम्म्या झाल्या. त्यासाठी आपण सगळ्याजणी झगडलो आहोत आणि तो हक्क सोडायचा नाही. पण खुर्चीवर बाई बसली एवढ्यानं खुर्चीचा स्वभाव बदलत नाही, हे मुलींना या गोष्टीतून आमच्या भाषणांपेक्षा लवकर कळलं.

अंब्रिजबाईंवर उपाय काढते ती हर्मायनी. शाळा शिकवत नाही ना, मग आपण आपलं शिकू, असं म्हणून ती मुलांना गोळा करते आणि गुपचूप अभ्यासमंडळ सुरू होतं. संघटना कशी बांधतात याचा हा धडाच आहे: भीती वाटत असतानाही एकत्र यायचं, ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, बैठकीची जागा शोधायची. आपल्यातल्या अनेकींना आपली पहिली मंडळं आठवतील. मुलींनीही लगेच नोंदवलं, की युक्ती हर्मायनीची, जमवाजमव तिची, पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव मात्र मुलाचं! या पुस्तकांच्या लेखिकेच्या वाट्यालाही हे आलं आहे. बाईनं लिहिलेलं पुस्तक मुलगे वाचणार नाहीत या धास्तीनं प्रकाशकानं तिला पहिलं नाव न छापता आद्याक्षरं वापरायला सुचवलं. जोन रोलिंग ‘जे. के.’ झाली ती अशी.

पण खरी ठिणगी पडली ती पुढच्या प्रसंगावरून. अभ्यासमंडळात येणाऱ्या प्रत्येकाची हर्मायनी एका चर्मपत्रावर सही घेते. मंडळाची वाच्यता करणार नाही, असा त्या सहीचा अर्थ. मात्र त्या पत्रावर तिनं एक मंत्र घालून ठेवला आहे आणि तो कुणालाही सांगितलेला नाही. पुढे मारिएटा नावाची मुलगी फितूर होते. तिची आई मंत्रालयात नोकरीला आहे. तिच्या तोंडावर फोड उठतात आणि त्या फोडांतून ‘चुगलखोर’ अशा अर्थाचा शब्द उमटतो. पुढच्या भागातही ते वण पुरते गेलेले नसतात. नायकाला ही युक्ती फार हुशारीची वाटते.

आमच्या गटात मात्र दोन तट पडले. फितुराला शिक्षा व्हायलाच हवी, असं काहींचं म्हणणं. बाकीच्या म्हणाल्या, आईची नोकरी जाईल म्हणून ती घाबरली, तिचं कुणी ऐकून तरी घेतलं का? आणि शिक्षा चेहऱ्यावरच का? मुलीला धडा शिकवायचा म्हटलं की तिच्या तोंडावर घाला घालायचा, हे आपण बातम्यांत वाचतो ते काय वेगळं आहे? एवढ्यात अकरावीतली एक मुलगी म्हणाली, ‘पन सही करायच्या आधी तिला सांगितला व्हता का, कागदावर काय हाय ते?’

खोली क्षणभर शांत झाली. कारण ही सही गोष्टीतली राहिली नव्हती. हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे या परिसरातल्या मुलींना शिकवावं लागत नाही. जमिनीचा मोबदला, भूखंड, वारसनोंद अशी वेळ आली की बहिणींना गाडी पाठवून बोलावलं जातं. निबंधकाच्या कार्यालयात उभं करून ‘इथं सही कर, ताई’ म्हटलं जातं. वर साडीचोळी, जेवण. कागदात काय आहे ते सांगितलं जात नाही आणि विचारलं तर माहेर तुटतं. कायदा तर मुलीच्या बाजूनं आहे. हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्रानं २००५ साली तो देशभर, लग्न झालेल्या मुलींसकट दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील दुरुस्तीच्या वेळी हयात असण्याचीही अट नाही, असा निर्वाळा दिला. एवढं सगळं मिळून जे दिलं, ते एका न वाचलेल्या सहीनं परत जातं.

म्हणून मुलींनी मोठं पुस्तक शेवटपर्यंत वाचावं, असा आमचा आग्रह आहे. सातआठशे पानं चिकाटीनं वाचणारी, मागच्या भागातला धागा पुढच्या भागात ओळखणारी, ‘हे मला आधी का सांगितलं नाही’ असं पुस्तकातल्या लाडक्या पात्रालाही विचारणारी मुलगी उद्या दोन पानांचा दस्त वाचल्याशिवाय अंगठा उचलणार नाही. निदान तिच्या मनात प्रश्न तरी उभा राहील. वाचनसंस्कृतीच्या नावानं जी भाषणं होतात, त्यांत हा व्यवहारी मुद्दा क्वचितच असतो.

दुसरा वाद झाला तो घरकामावरून. या जादूच्या शाळेत स्वयंपाक, झाडलोट, कपडे असं सगळं काम एल्फ नावाचे छोटे जीव करतात. विनामोबदला, रात्रीच्या अंधारात, कुणाच्या नजरेस न पडता. त्यांना ते आवडतं, असं सगळे सांगतात. वाचता वाचता मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. ‘आईला कामाशिवाय करमतच नाही’ हे वाक्य कुणाच्या घरात नाही? सरकारच्याच २०१९ च्या कालवापर पाहणीत असं दिसलं, की बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास त्यात जातात. पुरुषांपैकी जे थोडे हे काम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. या पाच तासांतच मुलीचा पुढचा भाग हरवलेला असतो.

हर्मायनीला या एल्फांना मुक्त करायचं आहे. मालकानं कपडा दिला की एल्फ सुटतो, असा तिथला नियम. म्हणून ती रात्र रात्र जागून लोकरीच्या टोप्या विणते आणि त्यांनी नकळत उचलाव्यात म्हणून कचऱ्याखाली लपवून ठेवते. परिणाम काय होतो? एल्फांना तो अपमान वाटतो, ते त्या खोलीची झाडलोटच सोडून देतात आणि सगळं काम एकट्या डॉबी नावाच्या एल्फवर येऊन पडतं. पुन्हा तेच. हेतू चांगला, पण विचारलं कुणाला? आपल्या चळवळीला हा प्रश्न ओळखीचा आहे. १९९० च्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या, तेव्हा ‘आमच्या वतीनं तुम्ही कशा बोलता’ हाच त्यांचा सवाल होता. सहीचा प्रसंग आणि टोप्यांचा प्रसंग एकाच मुलीच्या हातून घडतात, ती लबाड नाही, शूर आहे, आणि तरीही चुकते. अशी नायिका आमच्या मुलींना फार जवळची वाटली. चांदोबातली राजकन्या अर्ध्या राज्याबरोबर बक्षीस म्हणून मिळायची, कहाण्यांतली नावडती राणी सोसून सोसून आवडती व्हायची. त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. हर्मायनीशी भांडता येतं.

या मालिकेबद्दल दोन आक्षेप येतील, त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला लेखिकेबद्दलचा. २०२० पासून रोलिंगबाईंनी पारलिंगी स्त्रियांविषयी जी जाहीर भूमिका घेतली आहे, ती आपल्याला मान्य नाही. बाई कोण हे ठरवण्याचा मक्ता कुणा एकीकडे नाही आणि आपल्या मंडळात पारलिंगी मैत्रिणींची जागा हक्काची आहे. हे आम्ही मुलींना स्पष्ट सांगितलं. लेखिकेशी असहमत राहून तिचं पुस्तक वाचता येतं, आणि जिला ते नको वाटतं तिनं ते बाजूला ठेवावं, हेही सांगितलं.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. आपल्या मातीतलं सोडून हे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मग आपल्या मातीतलं मुलींना काय दिलं, याचाही हिशेब मांडू. ना. धों. ताम्हनकरांनी गोट्याबरोबर चिंगीही लिहिली. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं कितीतरी पिढ्यांना वेड लावलं. पण पुस्तकामागून पुस्तक पळणारी, पडणारी, वयानं वाढत जाणारी, चुकणारी आणि लढणारी मुलगी किती मराठी मालिकांच्या मध्यभागी आहे? गव्हाणच्या खाडीकाठची, धवले ऐकत वाढलेली एखादी मुलगी जादूच्या गोष्टीची नायिका का होऊ नये? लिहित्या मैत्रिणींना हे आमचं जाहीर आवाहन आहे. आणि एकच भाग लिहून थांबू नका.

तोवर करण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन पाहा. मालिकांचे पहिले भाग असतात, पुढचे नसतात, असं दिसलं तर पूर्ण संच मागा. मराठी अनुवाद मागा. ही मालिका मंजुल प्रकाशनानं मराठीत आणलेली आहे. वाचनालयाच्या वेळा मुलींना सोयीच्या आहेत का, तिथं मुलगी एकटी जाऊन तासभर बसू शकते का, ते विचारा. शाळेतलं कपाट कुलूपबंद असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आणि सगळ्यांत अवघड काम घरात आहे. मुलगी वाचत बसली असताना भांडी पडून राहिली, तर ती भावानं किंवा बापानं घासायची. आठवड्यातून एक दिवस तरी. घरात वाद होईल. होऊ दे.

आमच्या गटातल्या दोघींचं येणं मध्येच बंद झालं. एकीच्या आजीचं दुखणं निघालं, दुसरीला घरून नको म्हणाले. बाकीच्यांनी ठरवलं, की त्यांच्यासाठी प्रत्येक शनिवारी वाचलेल्या भागाचा गोषवारा वहीत लिहून त्यांच्या घरी पोचवायचा. वही अजून फिरते आहे. पुस्तकाची शेवटची प्रकरणं वाचायची आहेत आणि सहाव्या भागाची वर्गणीही जमते आहे.

तुमच्या गावात मुलींचं वाचन कोणत्या वयाला आणि कशामुळं थांबतं, ते आम्हाला जरूर लिहा. थांबलेलं वाचन कुणी पुन्हा सुरू करून दिलं असेल, तर तेही लिहा. पुढच्या अंकात त्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळ